गिरकी कुठे गेली?

सीएसएस ॲनिमेशनमधला माझा सर्वात आवडता बग. सुरुवातीला 'रोटेट 0 अंश, स्केल 1' आणि शेवटी 'रोटेट 360 अंश, ट्रान्सलेट 100 पिक्सेल' असं लिहिलं, तर डबा पूर्ण गिरकी घेत सरकायला हवा. पण जुन्या ब्राउझर इंजिनांत तो नुसताच सरकायचा!

कारण गणितात आहे. सुरुवातीच्या आणि शेवटच्या ट्रान्सफॉर्मच्या याद्या जुळल्या नाहीत की इंजिन अख्ख्या यादीचं मॅट्रिक्स करून टाकायचं. मॅट्रिक्सच्या लेखी 0 आणि 360 अंश एकच, म्हणजे फिरण्यासारखं काही उरतच नाही. नव्या नियमानुसार सुरुवातीचा जुळणारा भाग, इथे रोटेट, वेगळा चालवायचा आणि फक्त उरलेल्याचं मॅट्रिक्स करायचं. बदल छोटासा, पण किती सुंदर!

अशी दुरुस्ती टिकते ती चाचण्यांमुळे. ब्लिंक, गेको, वेबकिट ही तिन्ही इंजिनं 'वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्स' हा सामाईक संच वापरतात आणि तो गिटहबवर सर्वांना खुला आहे.

तुम्हाला असं काही विचित्र दिसलं, तर आधी कोड दहा-बारा ओळींवर आणा, क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीत तपासा आणि मगच बग नोंदवा. नीट नोंदवलेल्या बगकडे लवकर लक्ष जातं.