गुरांचे औषध आणि श्वानांतील हृदयकृमी-प्रतिबंध : खारघर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना : सिडकोने विकसित केलेले खारघर एका बाजूस डोंगर व दुसऱ्या बाजूस खाडी आणि खारफुटी अशा भूभागावर वसले आहे. असा परिसर डासांना मानवतो. डासांच्या दंशावाटे श्वानांत पसरणाऱ्या हृदयकृमीपासून (डायरोफिलारिया इमिटिस) संरक्षण व्हावे, ही येथील श्वानप्रेमींची इच्छा म्हणूनच रास्त आहे. त्यासाठी गुरांचे आयव्हरमेक्टिन इंजेक्शन तोंडावाटे द्यावे, कारण ते स्वस्त पडते, हा विचार कितपत ग्राह्य आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

औषध मूलतः एकच आहे, हे प्रथम मान्य करावयास हवे. जपानमधील मातीत सापडलेल्या जिवाणूपासून सातोशी ओमुरा व विल्यम कॅम्पबेल यांच्या संशोधनातून ते घडले. १९८१ मध्ये ते पशुधनासाठी बाजारात आले आणि १९८७ मध्ये अमेरिकेत श्वानांच्या हृदयकृमी-प्रतिबंधासाठी त्यास मान्यता मिळाली. उभयतांना २०१५ चे नोबेल पारितोषिकही लाभले. भेद आहे तो मात्रेचा.

गुरांना दर किलो वजनामागे २०० मायक्रोग्रॅम औषध त्वचेखाली टोचले जाते. श्वानास हृदयकृमी टाळण्यासाठी महिन्यातून एकदा दर किलोस अवघे ६ मायक्रोग्रॅम पुरतात. म्हणजे २० किलोच्या श्वानास १२० मायक्रोग्रॅम. एक टक्का द्रावणाच्या १ मिलीलिटरमध्ये मात्र १०,००० मायक्रोग्रॅम औषध असते. हिशेबाने लागते ०.०१२ मिलीलिटर, म्हणजे थेंबाचा जेमतेम चौथा हिस्सा! इन्सुलिनच्या ४० युनिटच्या सिरिंजवरील सर्वांत लहान खूणदेखील याच्या दुपटीहून मोठी भरते. पाण्यात मिसळून द्यावे, तर हे औषध पाण्यात जवळपास विरघळतच नाही. कोणत्या घोटात किती गेले, याची शाश्वती उरत नाही.

चौपट मात्रा बहुतेक श्वान सोसतात, हे खरे. परंतु थेंबाऐवजी १ मिलीलिटर गेल्यास मात्रा ऐंशीपटीहून अधिक होते. कोली व तत्सम जातींतील अनेक श्वानांत मेंदूस औषधापासून राखणारे प्रथिन सदोष असते. त्यामागील जनुकीय दोष २००१ मध्ये उघड झाला. अशा श्वानास त्या मात्रेने तोल जाणे, दृष्टी मंदावणे, बेशुद्धी आणि मृत्यूही संभवतो.

दुसरा मुद्दा रक्ततपासणीचा, आणि तो बहुधा दुर्लक्षिला जातो. हे औषध गेल्या महिनाभरात शरीरात शिरलेल्या अळ्या मारते. फुप्फुसाच्या धमनीत वाढलेल्या प्रौढ कृमींचा त्वरित नाश करीत नाही. रक्तात सूक्ष्म अळ्या मोठ्या संख्येने असताना जादा मात्रा दिल्यास त्या एकाच वेळी मरून श्वानास तीव्र आघात पोहोचू शकतो. शिवाय भारतात हृदयकृमीची नोंद प्रामुख्याने ईशान्येकडे झालेली असून मुंबईच्या श्वानांत त्वचेखाली राहणारा डायरोफिलारिया रिपेन्स आढळला आहे. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी प्रत्येक अळी हृदयकृमीचीच, असे गृहीत धरता येत नाही. जाती ओळखणे हे पशुवैद्यकाचे काम आहे.

भटक्या श्वानांच्या बाबतीत अडचण अधिक बिकट होते. दुधभातात कालवलेले औषध टोळीतील बलवान श्वान एकटाच फस्त करतो, आणि त्याच पातेल्यात तोंड घालणाऱ्या दोन-अडीच किलोच्या पिलास थेंबभर औषधही तिसेक पट ठरते.