आधी कोठडी, मग धार
यीस्टच्या पेशी फोडून काढलेला अर्क थंड खोलीत जेलच्या पातळ पटलातून विद्युत्प्रवाहाने सावकाश सरकवावा, आणि मग रंगद्रव्य जोडलेली चार अमिनो आम्लांची साखळी व एटीपी हे ऊर्जा पुरवणारे रसायन असलेल्या द्रावणात ते पटल उबेवर ठेवून अतिनील प्रकाशाखाली धरावे, म्हणजे वरच्या अंगाला दोन निळसर पट्टे हळूहळू उजळू लागतात. साखळी तुटून रंगद्रव्य मोकळे झाल्याखेरीज ही प्रभा प्रकट होत नाही. हे पट्टे प्रोटिआसोमचे, म्हणजे पेशीतील टाकाऊ प्रथिने कापणाऱ्या यंत्रणेचे: वरचा दोन्ही टोकांना नियामक टोपण असलेल्या प्रोटिआसोमचा, त्याखालचा एकाच टोपणाचा. परंतु माझी दृष्टी दर वेळी खिळते ती आणखी खाली, जेथे टोपण नसलेला गाभा हजर असूनही जवळजवळ अंधारच असतो. द्रावणात एसडीएस या अपमार्जकाचा अल्पसा अंश मिसळला की तोही उजळतो. सामर्थ्य तेथे होतेच. दार बंद होते.

या गाभ्यात 28 उपघटक, सात-सातांच्या चार कड्यांत रचलेले. बाहेरच्या अल्फा कड्यांची टोके परस्परांत गुंतून दार मिटतात. टोपणातील एटीपीवर चालणारे सहा घटक ते उघडून युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची मोहोर लागलेले प्रथिन उलगडत आत लोटतात. मोहोर तेवढी काढून पुन्हा वापरात घेतली जाते. मोहोर लावून होणाऱ्या या विघटनाच्या शोधाबद्दल सिएचानोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना 2004 चे नोबेल मिळाले.

मला मात्र अधिक विस्मय वाटतो तो बांधणीच्या बंदोबस्ताचा. आतल्या प्रत्येक बीटा कड्यातील तीन उपघटक छेदक. पण ज्या थ्रिओनिन या अमिनो आम्लाच्या बळावर ते छेदन करतात, ते जन्मतः एका जास्तीच्या तुकड्याखाली झाकलेले असते. साहाय्यक प्रथिनांच्या देखरेखीखाली अल्फा कडे जुळते, त्यावर बीटा उपघटक एकेक करून बसतात, आणि असे दोन अर्धे गाभे समोरासमोर येऊन मिटले म्हणजे मगच ते तुकडे आपले आपण तुटून पडतात. कोठडी पुरी झाल्यावाचून पात्याला धार नाही, ही तजवीज मला त्या विध्वंसक शक्तीहूनही थोर वाटते. यीस्टमध्ये ही जुळणी सांभाळणारे यूएमपी-1 नावाचे प्रथिन आतच कोंडले जाते, आणि नव्या प्रोटिआसोमचे पहिले भक्ष्य तेच ठरते.

मानवी पेशीतही हे थ्रिओनिन असेच जपलेले असते, आणि बोर्टेझोमिब हे औषध नेमके त्यालाच जाऊन चिकटते व छेदन रोखते. मल्टिपल मायलोमा या कर्करोगावर अमेरिकेत त्याला 2003 मध्ये परवानगी मिळाली. प्रतिपिंडे अतोनात घडवणाऱ्या त्या पेशींना टाकाऊ प्रथिनांचा निचरा थांबलेला सोसत नाही.