रोज एक प्राणी, जगात नसलेला

आज आपल्याशी बोलायचं आहे ते एका साध्या सवयीविषयी. रोज दहा-पंधरा मिनिटं पेन घेऊन बसायचं आणि वहीत एक प्राणी काढायचा. अट एकच, तो प्राणी जगात कुठंही नसला पाहिजे. कुणी म्हणेल, हा रिकामटेकड्यांचा उद्योग झाला. तसं का नाही, हे सांगण्याआधी माझी एक चूक कबूल करतो.

मी परळच्या एका शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांना मुलं बसवायची, निकाल चांगला लागावा म्हणून धडपडायचं, यात दिवस जायचे. एकदा सातवीतल्या एका मुलानं घोडा काढला. मागचे पाय माणसासारखे पुढं वाकलेले. मी वही उचलली, साऱ्या वर्गाला दाखवली आणि म्हणालो, "ओळखा पाहू, हा घोडा की कुत्रा?" वर्ग हसला. मीही हसलो आणि विसरून गेलो.

पंचवीस वर्षांनी, गणपतीच्या दिवसांत, लालबागच्या गर्दीत एक गृहस्थ पाया पडले. "सर, ओळखलंत का? तो घोडेवाला मी." बरोबर सात वर्षांची मुलगी होती. ते हसत हसतच म्हणाले, "हिला रोज काहीतरी काढून हवं असतं. मी सांगतो, पप्पांना येत नाही बाळा. तुमच्या त्या तासानंतर मी कधी चित्र काढलंच नाही, सर." आवाजात तक्रार नव्हती. त्यामुळं मला ते अधिक लागलं. त्याहून लागलं ते मुलीचं बोलणं. ती म्हणाली, "मलापण येत नाही."

घरी आल्यावर विचार करत बसलो. चित्र काढायची आवड लहानपणी बहुतेकांना असते. मग ती जाते कुठं? मला वाटतं, दोन प्रश्न तिला गिळतात. पहिला, आज काय काढू? आणि दुसरा, चुकलं तर? नवी वही आणून रोज चित्र काढायचा संकल्प सोडणाऱ्यांना विचारा, यातलंच एक कारण निघेल. जगात नसलेला प्राणी या दोन्ही प्रश्नांवर उतारा आहे. विषय शोधावा लागत नाही, तो जुळवायचा असतो. आणि मूळ प्राणीच नसल्यामुळं, "असा कुठं असतो का?" असं विचारायची सोय कुणालाच राहत नाही.

ही युक्ती काही माझी नाही. लिओनार्दो दा विंची यांनी आपल्या टिपणांत चित्रकारांना सांगून ठेवलंय, की काल्पनिक प्राणी खरा वाटायला हवा असेल तर त्याचा एकेक अवयव खऱ्या प्राण्यावरून घ्या. डोकं कुत्र्याचं, डोळे मांजराचे, कान साळिंदराचे, मान कासवाची, अशी यादीच त्यांनी दिली आहे. बंगालीत सुकुमार राय यांनी हाच खेळ मुलांसाठी मांडला. १९२३ सालच्या त्यांच्या 'आबोल ताबोल' या पुस्तकात बदक आणि साळिंदर यांचा एक संकरित प्राणी आहे. कविता त्यांची, चित्रंही त्यांचीच.

पण एवढ्या लांब कशाला जायचं? आपल्या मुंबईतच फेरी मारू. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या समोर उभे राहा आणि लोकल पकडायची घाई क्षणभर बाजूला ठेवून वर पाहा. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्यावरून ही इमारत १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत बांधली गेली. तिच्या कोरीवकामात जवळच्याच सर जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. पावसाचं पाणी बाहेर टाकणाऱ्या पन्हळींना तिथं जनावरांची तोंडं दिलेली आहेत. तिथून फोर्टात माणेकजी शेठ अग्यारीपाशी जा. दाराशी बैलाचं धड, गरुडाचे पंख आणि दाढीवाल्या माणसाचं डोकं असलेले राखणदार दिसतील. ही कल्पना मूळची प्राचीन असिरियातली. तिथल्या शिल्पकारांनी अशा काही बैलांना चक्क पाच पाय दिले. समोरून पाहिलं की बैल उभा दिसावा आणि बाजूनं पाहिलं की चालताना दिसावा, म्हणून. माझ्या वर्गात कुणी पाच पायांचा बैल काढला असता, तर मी त्याचे मार्क कापले असते!

आपल्या देवळांच्या उंबऱ्यांवर कीर्तिमुख असतं, किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ असतो. आणि आपला गणपती? लालबाग-परळच्या कार्यशाळांत कधी थोडा वेळ थांबून पाहा. हत्तीचं मस्तक माणसाच्या खांद्यांवर मूर्तिकार अशा बेतानं बसवतो, की जोड कुठं आहे ते कळतच नाही. सोंड, गळा आणि छाती यांच्यामधली ती एक वळणदार जागा, तिथं खरं कसब आहे. कल्पनेचा प्राणी काढताना आपल्यालाही तीच जागा सांभाळायची असते.

आता पेन आणि शाईच का, पेन्सिल का नको? पेन्सिल आली की खोडरबर आला. दहा मिनिटांतली आठ मिनिटं खोडण्यात जातात. शाईची रेघ पुसता येत नाही. सुरुवातीला त्याची भीती वाटते, पण आठवड्याभरात हात धीट होतो. रेघ वाकडी गेली तर तिथंच एक खवला काढायचा, शेपटीला गाठ मारायची, पुढं जायचं.

सामान थोडंच लागतं. साधं काळं जेल पेन चालेल. घरात फाउंटन पेन असेल तर उत्तम, दाब कमी-जास्त केला की तिची रेघ थोडी बारीक-जाड होते. मात्र 'इंडियन इंक' म्हणून मिळणारी पक्की काळी शाई फाउंटन पेनात कधी भरू नका. तिच्यात काजळीचे कण आणि ते धरून ठेवणारा चिकट पदार्थ असतो, वाळला की पेन कायमचं तुंबतं. त्या शाईसाठी बुडवून लिहायचा टाक घ्यावा. वहीचा कागद जरा जाड हवा. पातळ कागदावर शाई फुटते आणि मागच्या पानावर उमटते.

शाईवरून आठवलं. १९३१ साली दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईच्या पुड्या आणि वड्या करायला घेतल्या, त्यांचं नाव होतं 'हॉर्स ब्रँड'. पुढं फाउंटन पेनची शाई आली ती 'कॅमल' नावानं, आणि कॅमल व इंक मिळून झालं कॅम्लिन. म्हणजे शाळेत आपल्या सगळ्यांच्या दप्तरात होतं ते नावसुद्धा जोडकामातूनच तयार झालेलं!

रोजच्या चित्राची सवय माणसाला कुठवर नेते, याचं आपल्याजवळचं उदाहरण म्हणजे मारिओ मिरांडा. जन्म १९२६ सालचा, दमणचा. घर गोव्यातल्या लोटलीचं. चित्रकलेचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलं नव्हतं. पण तरुणपणी ते रोजनिशी ठेवत, आणि ती चित्रांची असे. गावातलं लग्न, चर्चमधली गर्दी, शेजारपाजारची माणसं, जे दिसलं ते त्या दिवसाच्या पानावर. १९४९, १९५० आणि १९५१ या वर्षांच्या त्या रोजनिश्या पुढं पुस्तकरूपानं प्रसिद्ध झाल्या. नंतर मुंबईच्या वृत्तपत्रांतून आणि साप्ताहिकांतून सगळ्यांना माहीत झालेली त्यांची ती गजबजलेली रेघ या पानांवर घडताना दिसते. कुलाब्याच्या कॅफे मोंडेगरच्या भिंतींवर ती आजही पाहता येते. मारिओंनी खरी माणसं काढली. आपल्यासारख्यांना माणसाचा चेहरा पहिल्याच दिवशी झेपत नाही, म्हणून आपण कल्पनेच्या प्राण्यापासून सुरुवात करायची, इतकाच फरक.

अलीकडं परदेशातही असा उपक्रम रुजला आहे. जेक पार्कर या अमेरिकन चित्रकारानं २००९ साली ऑक्टोबर महिनाभर रोज एक शाईचं चित्र काढायचं ठरवलं. स्वतःचा हात सुधारावा एवढाच हेतू होता. 'इंकटोबर' नावानं ती प्रथा जगभर पसरली. पण ऑक्टोबरची वाट पाहायचं कारण नाही, आजचा रविवार काय वाईट आहे?

आता प्रत्यक्ष कृती. त्या गृहस्थांना मी जी सांगितली तीच सांगतो. वेळ ठरवून टाका. रात्रीची जेवणं झाली की, किंवा सकाळी चहाबरोबर. पानावर तारीख घाला. मग दिवसभरात पाहिलेले दोन जीव आणि एक वस्तू आठवा. समजा, खिडकीत आलेला कावळा, कोळणीच्या पाटीतला खेकडा आणि दाराशी निथळत ठेवलेली छत्री. आता तिघांचा मिळून एक प्राणी करा. काढण्याआधी त्याला दोनच प्रश्न विचारा. तू खातोस काय? आणि चालतोस कसा? खाणं ठरलं की तोंड ठरतं, चालणं ठरलं की पाय ठरतात. बाह्यरेषा झाली की अंग भरा. पिसांसाठी आखूड तिरप्या रेघा, कवचासाठी ठिपके, सावलीसाठी रेघांवर आडव्या रेघांची जाळी. शेवटी त्याला एखादं नाव द्या. कावखेकडा म्हणा, काहीही म्हणा. पान फाडायचं नाही. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन काढायच्या भानगडीत पडू नका, त्यातच सवय मोडते. चुकलेला दिवस सोडून द्यायचा आणि आजचा प्राणी काढायचा.

यात एक गंमत आहे. कल्पनेतला प्राणी काढता काढता माणूस खरे प्राणी पाहायला लागतो. खेकड्याचे नांग्यांसकट पाय किती? दहा. पण हे आपण कधी मोजलेले असतात का? कावळ्याचा पाय मध्येच उलटा का वाकतो? तिसऱ्या-चौथ्या दिवशी अडायला होतं आणि मग नजर आपोआप खिडकीकडं जाते.

त्या गृहस्थांचंही तसंच झालं. तीन-चार महिन्यांनी ते मुलीला घेऊन घरी आले. वही आणली होती. मधले बरेच दिवस सुटलेले, काही पानांवर चहाचे डाग. एका पानावर सिंहाचं तोंड, माशाचं अंग आणि घोड्याचे पाय असलेला प्राणी होता. त्या पायांपाशी बोट ठेवून ते म्हणाले, "सर, हे अजून जमत नाही."

पंचवीस वर्षांपूर्वी जे सांगायला हवं होतं, ते मी त्या दिवशी सांगितलं. घोड्याच्या मागच्या पायात जो सांधा मागं टोक काढून दिसतो, तो गुडघा नव्हे. ती टाच. खरा गुडघा वर पोटाजवळ दडलेला असतो, आणि तो आपल्यासारखा पुढंच वाकतो. घोडा सतत चवड्यांवर, किंबहुना पायाच्या एकाच बोटावर उभा असतो, आणि खूर म्हणजे त्या बोटाचं नख. कुत्रा आणि मांजरही टाच उचलूनच चालतात. कावळ्याचा उलटा वाटणारा सांधाही गुडघा नसतोच. तुझा घोडा तेव्हा अगदी चुकला नव्हता रे, तू त्याला माणसाचे पाय दिले होतेस इतकंच.

हे सांगायला मला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. वर्गात त्या दिवशी तेवढा वेळ मी दिला असता तर!

मुलीनं मात्र आमच्या बोलण्याकडं लक्ष दिलं नाही. ती बापाचं पेन घेऊन शेवटच्या पानावर काहीतरी काढत होती. सहा पायांचं होतं, डोक्यावर पंखा होता. मी विचारलं, "हे काय गं?" ती म्हणाली, "अजून झालं नाहीये."

मी गप्प बसलो. झाल्यावर दाखव, एवढंच म्हणालो.

आपल्या घरातही कुणीतरी असेल, "मला येत नाही" म्हणून पेन खाली ठेवलेलं. कदाचित आपण स्वतःच. एक वही आणा, तारीख घाला आणि आज पाहिलेले दोन जीव आठवा.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)