दोन रेघांमधलं अंतर

मागच्या चाकाखाली काही शे किलो वजनाचा पोलादी रोलर, पुढचं चाक जखडलेलं, दोन्ही बाजूंनी ताणलेले पट्टे आणि रेडिएटरसमोर घोंघावणारा पंखा. मोटरसायकलचा डायनो दिसायला एवढाच असतो. बाइक चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये टाकायची, इंजिन खालच्या आरपीएमवर स्थिरावलं की थ्रॉटल पूर्ण पिळायचा आणि रेडलाइन येईपर्यंत सोडायचा नाही. काही सेकंदांत पडद्यावर दोन रेघा उमटतात, एक टॉर्कची आणि एक पॉवरची. स्पोर्ट बाइकच्या हौशी मंडळींत सगळा मान मिळतो तो पॉवरच्या रेघेच्या टोकाला. ‘किती निघाले?’ हा पहिला प्रश्न असतो आणि बहुतेकदा शेवटचाही. माझ्या मते या यंत्राला विचारता येणाऱ्या प्रश्नांत तो सगळ्यांत कमी मोलाचा आहे. एका बाइकची दुसरीशी तुलना करायला डायनो बेताचाच उपयोगी पडतो. त्याच बाइकची तिच्या कालच्या अवस्थेशी तुलना करायला मात्र इतकं भरवशाचं दुसरं साधन गॅरेजमध्ये नसतं, आणि ट्यूनिंगचं सारं काम याच तुलनेवर चालतं.

हे पटायला डायनो नेमकं काय मोजतो ते पाहावं लागतं. १८२१ मध्ये गास्पार द प्रोनी या फ्रेंच अभियंत्याने फिरत्या शाफ्टवर घर्षणाचा ब्रेक आवळला आणि त्याला जोडलेल्या दांड्याच्या टोकाशी वजनं टांगून टॉर्क तोलला. गॅरेजमधल्या साध्या रोलर डायनोत असा ब्रेक नसतो. त्याला रोलरचं जडत्व ठाऊक असतं आणि तो फक्त रोलरचा वेग किती झपाट्याने वाढतो एवढंच टिपतो. पॉवर त्यातून हिशेबाने निघते. या हिशेबाला इंजिनचा आरपीएम लागतही नाही. टॉर्कला मात्र तो लागतो, आणि तो चुकीचा मिळाला तर टॉर्कची रेघ बिघडते, पॉवरचं टोक जागचं हलत नाही. ही शंका पुस्तकी नाही. २००६ च्या यामाहा आर-सिक्सची जाहिरात १७,५०० आरपीएमच्या रेडलाइनवर झाली होती. टॅकोमीटर जास्त दाखवतो आणि इंजिन प्रत्यक्षात सुमारे १६,२०० पर्यंतच जातं, हे नंतर कंपनीने स्वतः मान्य केलं आणि नाराज ग्राहकांकडून बाइक परत घेण्याची तयारीही दाखवली. काट्यावरचा आकडा आणि मोजलेला आकडा यांत एवढं अंतर पडू शकतं.

शिवाय रोलर जे पाहतो ते चाकाशी पोचलेलं. चेन, गिअरबॉक्स आणि टायर यांनी खाल्लेली ताकद त्याला दिसत नाही; कंपनीच्या माहितीपत्रकातला आकडा मात्र क्रँकशाफ्टचा असतो. इंजिनचे आणि चाकाचे स्वतःचे फिरते भागही वेग घेताना ताकद गिळतात, आणि खालच्या गिअरमध्ये वेग झपाट्याने वाढत असल्याने जास्त गिळतात. म्हणून हलकं मागचं चाक बसवलं की जडत्वाच्या डायनोवर पॉवर ‘वाढते’, जरी इंजिनला कोणी हातही लावलेला नसला. टायरमधली हवा, पट्ट्यांचा ताण, इंजिनचं तापमान, सगळ्यांचा त्या आकड्यात वाटा असतो.

त्याहून मोठा वाटा हवेचा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे आणि तिथला हवेचा दाब ९५० मिलिबारच्या आसपास राहतो. मे महिन्याच्या दुपारी ३८ अंशांत तिथे केलेल्या रनला एसएई जे१३४९ या मानकाचं सूत्र लावलं, म्हणजे आकडा २५ अंश आणि ९९० मिलिबार कोरड्या हवेवर आणून ठेवला, तर गुणक जवळजवळ १.१० येतो. रोलरवर ३५ दिसले तर कागदावर ३८.५ छापले जातात. मुंबईत जानेवारीच्या सकाळी हाच गुणक एकाच्या आसपास असतो. जुनं ‘एसटीडी’ मानक त्याच रनचा आकडा आणखी तीन-चार टक्क्यांनी फुगवतं. मोटारींच्या इंजिनांसाठी असलेलं आयएसओ १५८५ हे मानक ०.९३ ते १.०७ या पट्ट्याबाहेरच्या गुणकाला सरळ मान्यता देत नाही. तशा चाचणीत परिस्थिती नेमकी नोंदवायला सांगतं. पुण्यातला उन्हाळा त्या पट्ट्याबाहेरच पडतो. तेव्हा एका गावातली शीट दुसऱ्या गावातल्या शीटशेजारी ठेवून भांडणाऱ्यांनी आधी मानक कोणतं, हे तरी विचारावं.

इथे रास्त आक्षेप येतो: आकडा इतका डळमळीत असेल तर पैसे कशासाठी मोजायचे? उत्तर असं की डळमळणारी यातली प्रत्येक गोष्ट स्थिर धरता येते. वजन उतरलं की नाही हे पाहायला माणूस दरवेळी त्याच काट्यावर चढतो. काटा दोन किलो चुकीचा असला तरी फरक खराच कळतो. तीच बाइक, तोच गिअर, तीच टायरमधली हवा, तेच तापमान, तासाभराच्या आत केलेले रन. आधीच्या आणि नंतरच्या रेघेतलं अंतर मग बदलाचंच असतं. अट एकच, बदलाआधी दोन-तीन रन करून ते एकमेकांवर बसतात की नाही हे पाहायला हवं. न बदललेल्या बाइकच्याच रनमध्ये एक-दीड टक्क्याचा फरक पडत असेल तर एक टक्का ‘मिळाला’ म्हणण्यात अर्थ नाही. डायनोवर सर्वाधिक फसवणूक इथेच होते: पहिला रन थंड इंजिनावर, दुसरा गरम इंजिनावर, आणि मधे बसवलेल्या सायलेन्सरला सगळं श्रेय.

रेघेचा आकारही टोकाहून जास्त सांगतो. चाकणला तयार होणाऱ्या केटीएम आरसी ३९० चं उदाहरण घ्या. २०२२ च्या मॉडेलला कंपनी ९,००० आरपीएमला ४३.५ पीएस आणि ७,००० ला ३७ न्यूटन-मीटर सांगते. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम; किलोवॅटसाठी भागायचं ९,५४९ ने. ७,००० ला त्याचे निघतात सुमारे २७ किलोवॅट, म्हणजे ३७ पीएस. ९,००० ला ३२ किलोवॅट असताना टॉर्क ३४ च्या आसपास उतरलेला असतो. म्हणजे पॉवरचं टोक येतं तेव्हा इंजिनचा जोर ओसरू लागलेला असतो. रस्त्यावर ओव्हरटेक करताना, वळणातून बाहेर पडताना सुई असते बहुधा ४,००० ते ७,००० मध्ये. सरळ नळीचा सायलेन्सर वर दोन पीएस वाढवून या मधल्या पट्ट्यात खड्डा पाडत असेल तर बाइक कागदावर तेज आणि रस्त्यावर मंद होते. तो खड्डा रेघेत लगेच दिसतो, शर्यतीच्या आवाजाखाली मात्र कानांना कळत नाही.

खड्डा बुजवण्याचं काम हेच खरं ट्यूनिंग. ईसीयूच्या मॅपमध्ये थ्रॉटल किती उघडा आणि आरपीएम किती यांच्या प्रत्येक जोडीला पेट्रोलचं प्रमाण आणि ठिणगीची वेळ ठरलेली असते. सायलेन्सरमध्ये वाइडबँड लॅम्डा सेन्सर घालून हवा-पेट्रोल प्रमाण पाहतात: १४.७ ला एक हे रसायनाच्या हिशेबाचं, पूर्ण थ्रॉटलला ताकद मिळते ती १३ च्या आसपास. ठिणगी अंशाअंशाने पुढे सरकवायची, आणि टॉर्क वाढायचा थांबला की तिथेच थांबायचं. त्यापुढे फक्त नॉकिंगचा धोका. या कामात नुसता रोलर कमी पडतो, कारण तो पूर्ण थ्रॉटलचाच प्रवास दाखवतो. एडी करंट ब्रेक असलेला डायनो इंजिनला समजा ४,५०० वर, अर्ध्या थ्रॉटलला धरून ठेवतो आणि ट्यूनर मॅपच्या त्या एका घरातली चूक दुरुस्त करतो. घरं शेकडो असतात. चांगल्या ट्यूनरचा दिवस या घरांत जातो, आणि ज्या गॅरेजमध्ये फक्त पूर्ण थ्रॉटलचे तीन रन करून मॅप ‘झाला’ म्हणतात तिथे रस्त्यावर वापरायचा सगळा भाग तसाच राहतो.

आताच्या इंजिनात ऑक्सिजन सेन्सर असतो, ते स्वतःच प्रमाण सुधारतं, मग ट्यूनर कशाला, असंही म्हटलं जातं. हे अर्धं बरोबर आहे. साधा सेन्सर स्थिर वेगात १४.७ च्या आसपास इंजिन राखतो, कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला तेच हवं. थ्रॉटल झटकन पूर्ण उघडला की बहुतेक बाइक त्याचं ऐकणं थांबवतात आणि मॅपवर चालतात. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. रोलरवर समोरून वारा येत नाही, त्यामुळे वेगात एअरबॉक्समध्ये घुसणाऱ्या हवेचा दाब डायनोला कळत नाही. पंखा तो उभा करू शकत नाही. वरच्या वेगासाठी केलेला मॅप म्हणूनच ट्रॅकवर लॉगरने पुन्हा तपासावा लागतो. डायनो तिथे अपुरा आहे, आणि ते कबूल करणाऱ्या ट्यूनरवर माझा जास्त विश्वास बसतो.

कायद्याचा प्रश्न याहून कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी बदलाला मनाई आहे, आणि एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-सिक्स मर्यादा कन्व्हर्टर काढून टाकलेली बाइक पाळू शकत नाही. ट्रॅकवरच्या बाइकला वेगळा नियम लावता येईल. रस्त्यावरच्या बाइकचा कन्व्हर्टर काढणं मला चूकच वाटतं, पॉवर कितीही वाढो. पण रस्त्यावरच्या बाइकलाही डायनोवर करण्यासारखं बरंच असतं: चोक झालेला एअर फिल्टर, थकलेला फ्युएल पंप, ताणलेली चेन, झिजलेला क्लच. हे सगळं आधीच्या शीटच्या तुलनेत रेघ खाली बसलेली दाखवून उघडं पडतं. नवी बाइक हजार-दोन हजार किलोमीटर चालली की एकदा रोलरवर न्यावी, आणि त्या शीटवर मानक, तापमान, दाब, गिअर आणि टायरमधली हवा लिहून घ्यावी. तीन वर्षांनी पिकअप कमी झाल्यासारखा वाटेल तेव्हा मेकॅनिकच्या अंदाजाशेजारी ठेवायला तो कागद हाताशी असेल.