वापरणारा आणि सांभाळणारा

वाड्यांतील भाडेकरूस पाणी किती वाजतां येतें एवढें कळलें म्हणजे पुरे. टाकीची चावी कोठें आहे तें मालकानें जाणावें. सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकांत हा साधा भेद पुष्कळदां पाळला जात नाहीं, आणि त्याचें मोल भलत्यासच द्यावें लागतें.

मी शाळेंत शिकवीत असतांनाची गोष्ट. गुण संगणकावर नोंदण्याची पद्धत नुकतीच सुरू झाली होती. निकालाच्या आदल्या दिवशीं एका शिक्षकबंधूंच्या हातून एका मुलाचे गुण पुसले गेले. त्यांनीं पुस्तिका उघडली. 'गेलेली माहिती परत आणणें' हें प्रकरण सांपडलें, व त्यांतील पायऱ्या त्यांनीं अचूक पाळल्या. सर्वांचा पासवर्ड एकच, त्यामुळें यंत्रानेंही त्यांस अडविलें नाहीं. त्या मुलाचे गुण परत आले. पण गेल्या तीन दिवसांत इतर सर्वांनीं नोंदलेले गुण नाहींसे झाले! तें प्रकरण सर्व्हर सांभाळणाऱ्यासाठीं होतें. सारा साठा जुन्या प्रतीवर नेण्याची ती कृति होती. मजकुरांत एकही चूक नव्हती. तो कोणासाठीं आहे, एवढेंच कोठें लिहिलें नव्हतें. ती रात्र आम्हीं कागदी गुणपत्रकें पाहून पुन्हां नोंदी करण्यांत घालविली.

या बाबतींत जाणत्यांनीं वाट पूर्वींच घालून दिली आहे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं युनिक्स प्रणाली रचली. तिची पहिली पुस्तिका नोव्हेंबर १९७१ मधील. तिचे सात भाग होते, आणि पहिल्या भागांत वापरणाऱ्यानें द्यावयाच्या आज्ञा होत्या. पुढें देखभालीचा आठवा भाग जोडला गेला. तीच परंपरा आज लिनक्समध्यें चालू आहे. तेथें 'पासडब्ल्यूडी' हा एकच शब्द दोन ठिकाणीं भेटतो: पहिल्या भागांत आपला पासवर्ड कसा बदलावा तें सांगितलें आहे, तर पांचव्या भागांत खात्यांची यादी ज्या फाइलींत असते तिची रचना दिली आहे. नांव एकच, पण प्रश्न विचारणारे दोघे निराळे.

तेव्हां पुस्तिका लिहिणाऱ्यानें यंत्राचे भाग मोजीत बसूं नये. कोण काय करूं पाहतो तें आधीं विचारावें. वापरणाऱ्याच्या भागांत 'गुण कसे दुरुस्त करावे' अशीं कामाचीं शीर्षकें असावीं. स्थापना, परवानग्या, बॅकअप व नवी आवृत्ति चढविणें हीं प्रकरणें सांभाळणाऱ्याच्या भागांत जावीं. आणि जेथें सीमा येते तेथें स्पष्ट लिहावें, "येथून पुढचें काम व्यवस्थापकाचें, त्यांस अमुक माहिती कळवा." ही विभागणी माणसांची नव्हे, कामांची आहे. लहान शाळेंत दोन्ही कामें एकाच शिक्षकाकडे असतात. पण आपण या क्षणीं कोणत्या भूमिकेंत आहों, हें त्यालाही पानावरून कळलें पाहिजे.

आपल्या घरींही हें करून पाहावें. वायफायचें नांव व पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून ती पाहुण्यांस दिसेल अशी ठेवावी. राउटरची मांडणी बदलण्याचा पासवर्ड मात्र दुसऱ्या चिठ्ठीवर लिहून, तो जो सांभाळतो त्याच्याजवळ असावा. दोन चिठ्ठ्यांची एक केली, तर एखाद्या दिवशीं पाहुणा टाकीचीच चावी फिरवील.