डुक्कर मेलं तर आधी कळवा, मग पुरा



फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्या तालुक्यात वेहळोलीला बर्ड फ्लू आला, तेव्हा एक किलोमीटरच्या आतल्या कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. डुकरांतही असा झपाट्याने पसरणारा रोग आहे, म्हणून ही माहिती.

सडकून ताप, खाणं बंद, कान-पोट लालजांभळं आणि पटापट मरतूक ही लक्षणं दोन रोगांत दिसतात: स्वाइन फीवर (हॉग कॉलरा) आणि आफ्रिकन स्वाइन फीवर. नावं सारखी, पण विषाणू पूर्ण वेगळे. पहिल्यावर लस आहे. दुसऱ्यावर आपल्याकडे लस नाही. नुसतं बघून डॉक्टरांनाही फरक सांगता येत नाही. नमुना प्रयोगशाळेतच तपासावा लागतो.

तिथे विषाणूची जनुकंही तपासतात. त्यावरून तो कुठल्या वाटेने आला याचा माग लागतो. भारतात आफ्रिकन स्वाइन फीवर २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात पहिल्यांदा सापडला. तो जनुकीय गट २ चा निघाला. हाच गट २००७ मध्ये जॉर्जिया देशात आणि २०१८ मध्ये चीनमध्ये सापडला होता. जॉर्जियात जहाजावरचं उष्टं डुकरांच्या खाण्यात आल्याने तो शिरला, असं मानलं जातं. आपल्याकडेही हायवेच्या हॉटेलांचं खरकटं डुकरांना घालतात, म्हणून सांभाळा.

*काय करायचं?*
१. मांस असलेलं खरकटं घालू नका. बाकीचं किमान अर्धा तास उकळून, थंड करून घाला.
२. नवीन आणलेली डुकरं निदान महिनाभर वेगळी ठेवा.
३. डुकरं मोकळी सोडू नका. रानडुकरांनाही हा रोग होतो.
४. स्वाइन फीवरची लस पशुवैद्यकीय डॉक्टरांना विचारून टोचून घ्या.
५. मरतूक दिसली की लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ वर कळवा. मेलेलं जनावर ओढ्यात, रानात टाकू नका. आजारी डुक्कर विकू किंवा कापू नका.

लपवून फायदा नाही. रोग आटोक्यात आणायला सरकार जी डुकरं मारतं त्यांची भरपाई मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. उशीर झाला तर नुकसान आपलंच.

आफ्रिकन स्वाइन फीवर माणसाला होत नाही, घाबरू नका. पण कपडे, बूट, गाडीच्या चाकांवरून तो दुसऱ्याच्या वाड्यावर जातो.

डुकरं पाळणाऱ्या ओळखीच्या सगळ्यांना हा मेसेज पाठवा.