अभ्यंगाचे उटणे आणि टिकाऊपणाचे मोल

नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल व सुगंधी उटणे लावून अभ्यंगस्नान करण्याचा आपला कुळाचार आहे. नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद, चंदन यांची ही वस्त्रगाळ पूड कोरडी ठेवली तर महिनोन्महिने टिकते. तिला परिरक्षक द्रव्याची गरज भासत नाही; कारण जंतूंना व बुरशीला वाढण्यासाठी पाणी लागते, आणि पुडीत ते नसते.

शाम्पू, द्रवरूप साबण, भांडी घासण्याचे द्रव यांत मात्र पाण्याचाच भरणा अधिक. म्हणून त्यांत पॅराबेन, फिनॉक्सिइथेनॉल अशी परिरक्षके अल्प प्रमाणात घालतात. त्यांना सरसकट विष म्हणणे आम्हांस उचित वाटत नाही. जंतूंनी दूषित झालेले प्रसाधन डोळ्यांना वा जखमेला अपायकारक ठरते. परंतु डोळे मिटून विश्वासही नको. मेथिलआयसोथायझोलिनोन या परिरक्षकाने अनेकांच्या त्वचेस खाज व पुरळ येते असे आढळल्यावर युरोपीय संघाने २०१७ पासून, अंगावर लावून न धुतल्या जाणाऱ्या प्रसाधनांत त्याच्या वापरास बंदी केली. तेव्हा वेष्टनावरील घटकांची यादी वाचण्याचा परिपाठ घरोघरी असावा.

उटण्यालाही हाच न्याय लागू आहे. दुधात वा पाण्यात कालवताच ते नाशवंत होते. म्हणून लागेल तेवढेच कालवावे, उरलेले दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. आणि बालकांस लावण्यापूर्वी आदल्या दिवशी हातावर थोडे लावून पाहावे. नैवेद्य ताजा असावा हा आपला दंडक. अंगाला लागणाऱ्या उटण्याविषयीही तोच पाळावा.